काखेतला काळा जोड

गुन्वोरला बरं म्हणणारं माणूस आमच्या दरीत शोधूनही सापडायचं नाही. आणि सणाच्या दिवशी तिच्या हातचा पोशाख अंगावर नाही अशी बाईही सापडायची नाही. सगळ्यांना तिचे हात हवे होते. जीभ मात्र तिने घरी ठेवून यावी असं वाटायचं, आणि ती कधीच घरी राहत नसे.

आमच्याकडे, तेलेमार्कच्या या डोंगरात, बाईला जन्मात एक बुनाद, म्हणजे सणाचा पोशाख, मिळतो. पंधराव्या वर्षी चर्चमध्ये पाद्र्यासमोर उभं राहून 'आता मी मोठी' म्हणायचं असतं, त्या रविवारी तो पहिल्यांदा अंगावर चढतो. जाड काळ्या लोकरीची बिनबाह्यांची बंडी, तसाच घेरदार घागरा, आत पांढरा लिननचा सदरा, कमरेला हातमागाचा पट्टा, गळ्याशी चांदीचा बिल्ला. मग दर सतरा मेला, देशाच्या सणाला, तोच, लग्नात तोच, पोरांच्या बारशाला तोच, आणि काहीजणी शेवटच्या पेटीत झोपतात त्याही त्याच्यातच. बाई बदलत जाते, बुनाद बदलायचा नाही. हा नियम कोणा शहाण्याने काढला देव जाणे, पण त्याने स्वतः पोरं काढली नसणार एवढं नक्की.

त्या नियमावर गुन्वोरची एकच तोड होती: माया. शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, ते. बाकीच्या शिवणाऱ्या बोटभर सोडत, गुन्वोर चांगलं चार बोटं सोडायची, आणि सगळं हाताने शिवायची. "हाताचा टाका उसवता येतो," ती म्हणायची, "मशीनची टीप कापड खाऊन टाकते." माप घेताना तोंडात टाचण्या धरून ती पोरींना सुनवायची, "आता काडी आहेस. उद्या फुगशील. दोन पोरं होतील, मग पोट सुटेल, मग म्हातारी होऊन पुन्हा वाळशील. सगळं धरून बेतलंय, घाबरू नकोस." पोरी लाजेने अर्धमेल्या व्हायच्या आणि त्यांच्या आया भिंतीकडे बघत बसायच्या.

प्लास्टिकच्या कापडाचा तर तिला असा तिटकारा, की कोटाच्या खिशात कायम काडेपेटी असायची. एका लग्नात पाद्र्याची भाची इंटरनेटवरून मागवलेला एप्रन बांधून आली. गुन्वोरने वाकून त्याच्या झालरीतला एक धागा उपसला आणि सगळ्यांसमोर काडी लावली. "लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो. हे बघ, याची गोळी झाली. देवाच्या दारात प्लास्टिक गुंडाळून आलीस होय गं?" पोरगी रडत गाडीत जाऊन बसली. न बोलता चाललं असतं. पण न बोलणं म्हणजे काय, हे गुन्वोरला कोणी शिकवलंच नव्हतं.

सतरा मेला आणि पोरींच्या त्या रविवारी ती चर्चच्या पायऱ्यांवर उजव्या हाताला उभी राहायची, जकात नाक्यावर राहावं तशी. कोणाचा पट्टा उलटा, कोणाचा बिल्ला शेजारच्या दरीचा, कोणाच्या घागऱ्याला इस्त्रीने चकाकी आलेली, काही सुटायचं नाही. आणि स्वतः मात्र ती करड्या कोटात यायची. अख्ख्या दरीचे बुनाद शिवणारी बाई, बुनाद न घालता. लोक म्हणायचे, माज आहे. कोणी म्हणायचं, तिच्या स्वतःच्या नजरेला स्वतःचंही काम पुरं पडत नसेल. नवरा तार्याय याला विचारलं तर तो कॉफीचा कप तोंडाला लावायचा आणि संपेपर्यंत खाली ठेवायचा नाही.

खरी गोष्ट अशी की बुनाद होता. माडीवरच्या पेटीत. आणि गुन्वोरला तो होत नव्हता.

त्याचं कापड ज्या गठ्ठ्यातलं, त्याच गठ्ठ्यातून तिच्या मैत्रिणीचा, ओस्नेचाही बुनाद बेतला होता. दोघी एकाच वर्षी पाद्र्यासमोर उभ्या राहिल्या. दोघींच्या आयांनी मिळून खालच्या गिरणीतून एकच गठ्ठा आणला होता. ती गिरणी पुढे बंद पडली, तसं काळं पुन्हा कोणाला जमलं नाही. आताचं कापड पातळ, आणि उन्हात धरलं तर निळसर मारतं. ओस्ने गेल्या वर्षी गेली. जाण्याआधी दवाखान्यात तिने गुन्वोरचा हात धरून सांगितलं होतं, "माझा तिरिलला दे. बारीक कर, पण कापू नकोस."

तिरिल म्हणजे ओस्नेच्या मुलीची, विग्दिसची पोर. यंदा पाद्र्यासमोर उभं राहायची वेळ तिची होती. हिवाळ्यात गुन्वोरने ओस्नेचा बुनाद तिच्या मापाला आणला. कात्री लावली नाही. सगळं जादा कापड आत दुमडून हातटाक्यांनी बसवलं. ओस्ने दांडगी बाई होती, त्यामुळे आत बरंच कापड जमलं आणि पोरीच्या कमरेशी थोडा जाडपणा आला. विग्दिसने आरशात बघून नाक मुरडलं होतं.

"फोटोत जाड दिसेल ती," विग्दिस म्हणाली.

"फोटो एका दिवसाचा आहे. हे साठ वर्षांचं आहे," गुन्वोर म्हणाली. "आणि जाड दिसली तर कोणाचं घर बुडतंय?"

विग्दिस पोशाख घडी घालून घेऊन गेली. गुन्वोरला वाटलं, मिटलं.

त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात तिरिल सायकलवरून आली. हातात कापडी पिशवी, चेहरा उतरलेला.

"गुन्वोर, हुक लागत नाहीत," ती म्हणाली.

"मग वाढलीस. बरं झालं. ये, दोन बोटं उसवते."

गुन्वोरने बंडी उलटी केली. अस्तराची कड सोडली, आत बोट घातलं, आणि तिचं बोट सरळ शिवणीला जाऊन भिडलं. आत काही नव्हतं. तिने चष्मा लावून पाहिलं. दोन्ही कुशींची माया कापून टाकली होती, कडेला मशीनची टीप मारून. ओस्नेचं कापड, ज्याच्यासारखं काळं आता जगात विणलं जात नाही, ते कोणीतरी कात्रीने छाटून टाकलं होतं. आमच्याकडे माणूस दारू पिऊन गाडी नदीत घालतो, त्याला लोक माफ करतात. याला नाही.

गुन्वोरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोणी केलं हे?"

"आईने. फोटोत बारीक दिसावी म्हणून." तिरिल घाईघाईने म्हणाली, "पण चालेल, गुन्वोर. रविवारपर्यंत मी मावेन. मी रात्रीचं जेवण बंद केलंय. सकाळी एक कडक भाकरी खाते, लोणी न लावता. आई म्हणते आत्ताच फरक दिसायला लागलाय. तू फक्त हुक थोडे पुढे घे."

हे पोरगी अगदी शहाण्यासारखं सांगत होती, अभ्यास पुरा केल्यासारखं. मनगटं काड्यांसारखी. वसंतात या वयाच्या पोरी दुधासारख्या उतू येतात, आणि ही भांडं झाकून बसली होती.

गुन्वोरने बंडी टेबलावर ठेवली. चुलीवर तवा चढवून दोन वॉफल काढले, वर तपकिरी चीज ठेवलं, बशी पोरीसमोर आदळली. "खा."

"नको."

"तार्याय!" गुन्वोर ओरडली. तार्याय लाकडं फोडत होता, तो दारात आला. "हिच्याजवळ बस. हिने हे खाल्ल्याशिवाय हिला सायकल द्यायची नाही."

"आणि तू कुठे निघालीस?"

"भांडायला."

"मग टोपी घाल," तार्याय म्हणाला, "थंडी आहे." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला एवढंच करता येतं.

विग्दिसच्या स्वयंपाकघरात पीठ उडालं होतं. रविवारच्या पाहुण्यांसाठी ती लेफ्से लाटत होती, बटाट्याच्या पातळ पोळ्यांची ही चळत टेबलावर. बाजूला केकचे तीन थर थंड होत ठेवलेले. गुन्वोरने दार वाजवलं नाही.

"अख्ख्या दरीला जेवू घालतेस," ती दारातूनच म्हणाली, "आणि पोटच्या पोरीला कोरडी भाकरी?"

विग्दिसने लाटणं खाली ठेवलं. "ओरडू नकोस. तिरिल वर आहे."

"वर नाही. माझ्याकडे आहे. समोर वॉफल आहे आणि ते बॉम्ब असल्यासारखं बघतेय त्याच्याकडे. कात्री कुठल्या हाताने लावलीस? दाखव मला तो हात."

"माझ्या आईचा बुनाद आहे तो. मी काय वाटेल ते करीन."

"तुझ्या आईने मरताना मला सांगितलं होतं, कापू नकोस म्हणून! कुठे आहेत ते तुकडे?"

"कचऱ्यात गेले," विग्दिस म्हणाली, आणि तिचा आवाज थोडा बसला. "मला काय माहीत ती एवढ्यात वाढेल."

"पोरी वाढतात! कालवडी वाढतात, पोरी वाढतात, यात माहीत काय नसायचं? आता तू तिला काय सांगतेस, तर वाढू नकोस. कापडाला कात्री लावलीस ती लावलीस, आता पोरीला लावतेयस."

विग्दिस पिठाच्या हातांनीच टेबलाभोवतून पुढे आली. ती तशी शांत बाई, शाळेच्या कचेरीत काम करते, कोणी तिचा चढा आवाज ऐकलेला नाही. त्या दिवशी ऐकला असता.

"तू मला सांगतेस? तू? गुन्वोर, तिला हसतील म्हणून केलं मी ते. आणि हसणारी कोण उभी असते पायऱ्यांवर, सांगू? तिरिल तीन महिन्यांची होती. सतरा मे होता. मी तिला कडेवर घेऊन पायऱ्या चढत होते. अंगावर दूध, रात्रभर झोप नाही, कशीबशी हुक लावून आले होते. आणि तू वरून अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं म्हणालीस, 'विग्दिस, हळू चढ गं! हुक सुटला तर खालच्या रांगेतलं कोणीतरी आंधळं व्हायचं!' सगळे हसले. पाद्री हसला. माझा नवरासुद्धा हसला. मी त्या दिवशी घरी येऊन बुनाद काढला तो आजवर घातला नाही. माझ्या पोरीला मी त्या पायऱ्या तशा चढू देणार नाही. मग तिला उपाशी ठेवावं लागलं तरी चालेल."

शेवटचं वाक्य तोंडातून निघाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं असावं. तिने लाटणं पुन्हा उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

पायऱ्यांवरचं ते वाक्य गुन्वोरला चांगलं आठवत होतं. वाईट इतकंच, की तिला ते एक झकास टोमणा म्हणून आठवत होतं. कितीदा तरी कॉफीवर तिने तो स्वतःच सांगितला होता आणि स्वतःच हसली होती.

"मग माझ्याकडे आणायचास की," ती अखेर म्हणाली. "मी सैल करून दिला असता."

"तुझ्याकडे?" विग्दिस हसली, पण ते हसू नव्हतं. "तुझ्याकडे कोण येणार, गुन्वोर? पोलिसाकडे कोणी हौसेने जातं?"

दारातून बाहेर पडताना गुन्वोर मागे न वळता म्हणाली, "उद्या सकाळी ये. तुझा घेऊन ये."

"कशाला? पुन्हा हसायला?"

गुन्वोरने टोपी कानांवर ओढली आणि मागे दार लावून घेतलं.

घरापर्यंतच्या चढावर तिचा राग नुसता धुमसत होता, आणि आता त्याला धनी उरला नव्हता. विग्दिसवर काढावा तर विग्दिसला ती भीती तिनेच शिकवलेली. स्वतःवर काढायची तिला सवय नव्हती. मग तो मागे मागे जात राहिला आणि तिच्या आईपाशी जाऊन थांबला.

आईने गुन्वोरचा बुनाद स्वतः बेतला होता. हात चांगला होता तिचा, बेत असा की आरशात बघून पोरीला स्वतःचीच दृष्ट लागावी. पण माया सोडली नव्हती. जरासुद्धा नाही. पंधरा वर्षांची गुन्वोर म्हणाली होती, "आई, मी वाढले तर?" आणि आई दोरा दातांनी तोडत म्हणाली होती, "पोरीच्या जातीने स्वतःला आवरून धरावं. ज्या दिवशी हुक लागणार नाही, त्या दिवशी कळेल तुझं तुलाच." एकोणिसाव्या वर्षी थोरला मुलगा पोटात असताना हुक लागेनासे झाले. बाळंतपणानंतरही लागले नाहीत. नवा शिवावा, तर जुना होत नाही हे गावाला सांगण्यासारखंच. म्हणून करडा कोट. म्हणून ती बाकीच्या प्रत्येकीच्या शिवणीत चार चार बोटं सोडत गेली, आणि त्याच प्रत्येकीला पायऱ्यांवर टोचत गेली. आईने दिलेली दोन्ही कामं तिने इमानाने केली. एक उलटं केलं आणि एक सुलटं.

घरी आली तेव्हा तिरिल गेली होती. एका वॉफलचा कोपरा खाल्लेला होता. "एवढ्यासाठी माझा अर्धा दिवस गेला," तार्याय म्हणाला. "सायकल दिली. रडायला लागली मग काय करू?"

गुन्वोर माडीवर गेली आणि पेटीतला बुनाद घेऊन खाली आली. लोकरीला कसर नव्हती, दर उन्हाळ्यात ती वारा द्यायची. तिने तो टेबलावर पसरला आणि ओस्नेची बंडी शेजारी ठेवली. एकाच गठ्ठ्यातलं कापड. फक्त ओस्नेचं अनेक सतरा मे उन्हात चालून आलेलं, गुन्वोरचं पेटीत राहिलेलं, म्हणून जरा जास्त काळं.

तार्यायने कप खाली ठेवला. "घालणार आहेस की काय?"

"कापणार आहे."

"अगं, तो तुझा..."

"माझा होता कधी?" ती एवढ्या जोरात म्हणाली की कुत्रं उठून बाहेर गेलं. "आईचा होता तो. आईने मला पंधराव्या वर्षी मोजलं आणि म्हणाली, एवढीच राहा. राहिले मी एवढी? तू सांग, राहिले?"

तार्यायने बायकोकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "आणि मला तरी कधी कमी पडली नाहीस."

"गप्प बस," गुन्वोर म्हणाली, आणि घागऱ्याच्या घेरात कात्री घातली. जाड लोकर कापताना करकर आवाज येतो. तिने थांबून एकदा श्वास घेतला आणि पुढे कापत गेली. दुःख नव्हतं ते. इतकी वर्षं राग चुकीच्या माणसांवर खर्च केला याचा राग होता तो.

सकाळी विग्दिस आली. बगलेत पिशवी, तोंड बंद. टेबलावर कापलेला घागरा पडलेला, त्याच्यातून कापलेल्या लांबट पट्ट्या, आणि ओस्नेच्या बंडीच्या कुशी उसवून उघड्या. विग्दिसला सांगायची गरज पडली नाही. कापलेला बुनाद आमच्याकडे कोणालाही ओळखू येतो.

"हा कोणाचा?" तरी तिने विचारलं.

"माझा. बस. तुझा काढ. कुशीची शिवण उसव."

"माझ्यात काय असणार? उसवून उगाच चिंध्या..."

"उसव म्हणते ना."

विग्दिसने सुई घेतली. हाताचे टाके, एकेक सुटत गेले. अस्तर उघडलं आणि आत कापड निघालं. चार बोटं. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूलाही. काळं, न झिजलेलं, दुमडीची रेघ अजून तशीच. विग्दिसने ते बोटांनी उलगडलं आणि मोजून पाहिलं.

"पहिल्या दिवसापासून आहे," गुन्वोर सुईत दोरा ओवत म्हणाली. "तुझी आई म्हणाली होती, इतकं कशाला. मी म्हटलं, तुला नाही कळायचं. त्या सतरा मेला नुसतं उसवायचं होतं. दीड तासाचं काम."

विग्दिसने ती बंडी तिच्या अंगावर फेकली. "मग तेव्हा हे सांगायचं होतंस! पायऱ्यांवर! त्या हुकाच्या फालतू विनोदाऐवजी एवढं एकच वाक्य बोलायचं होतंस. आत कापड आहे, एवढं!"

"हो," गुन्वोर म्हणाली.

  गुन्वोरने बंडी मांडीवरून उचलून नीट केली आणि तिच्या हातात परत दिली. मग दोघी शिवायला बसल्या. मधेमधे भांडत होत्या. विग्दिसचा टाका लांब पडतो म्हणून गुन्वोरने दोनदा उसवायला लावला, आणि विग्दिसने तिला तिच्या तोंडावर म्हातारी चेटकीण म्हटलं. दुपारी तिरिल शाळेतून आली. दोघींनी एकदम तिच्याकडे पाहिलं, तशी ती दारातच घाबरली.

"आत ये," विग्दिस म्हणाली. "आधी जेव. मग माप देऊ." ते जरा रागावल्यासारखंच आलं. "लोणी लावून जेव. माझं चुकलं."

तिरिलच्या दोन्ही काखांखाली गुन्वोरने जोड दिला. नुसता जोड नाही, त्याच्या आतही माया सोडली. अंगात चढवल्यावर तिरिलने खोल श्वास घेऊन पाहिला आणि हुक जागचे हलले नाहीत.

"दिसतंय," ती आरशात हात उचलून म्हणाली. जोडाचं काळं खरंच गडद होतं.

"दिसू दे," गुन्वोर म्हणाली.

रविवारी स्वच्छ ऊन होतं. अशा उन्हात काळ्यातलं काळं वेगळं दिसतं. गुन्वोर आपल्या करड्या कोटात पायऱ्यांवर, उजव्या हाताला, नेहमीच्या जागी उभी होती. मुलं-मुली आत जायच्या आधी फोटोसाठी रांगेत उभी राहत होती. तिरिल आली, तिच्या मागे विग्दिस, बुनादात. कोणीतरी "अरे, विग्दिस!" म्हटलं. बरंच वाटलं सगळ्यांना. आणि तेवढ्यात योरुनचं लक्ष गेलं. योरुन वरच्या वाडीतली, गुन्वोरच्याच पायऱ्यांवर शिकलेली, नजर तशीच आणि जीभही तशीच.

"तिरिलच्या काखेत काय गं ते?" ती मोठ्याने म्हणाली. "काळ्यावर काळं? जोड दिलाय वाटतं! जोड कसला, ठिगळच की! गुन्वोर, हे तुझ्या नजरेतून सुटलं कसं?"

लोक वळले. हसण्याच्या तयारीत होते सगळे, गुन्वोरच्या तोंडाकडे बघत, कारण आमच्याकडे पहिला टोमणा कोणीही मारतो, पण हसायचं की नाही हे गुन्वोर ठरवते. तिरिलने दोन्ही हात अंगाशी घट्ट दाबले. इतके घट्ट, की काखेतलं काहीच दिसू नये. विग्दिसचा चेहरा पांढरा पडला.

गुन्वोर दोन पायऱ्या खाली आली.

"सुटलं नाही," ती म्हणाली. आवाज अख्ख्या आवाराला गेला. "तो जोड मी दिलाय. आणि कापड माझ्या बुनादाचं आहे. मला तो एकोणिसाव्या वर्षापासून होत नाही. आईने आत एक बोटसुद्धा सोडलं नव्हतं, आणि मी वाढले. म्हणून हा कोट. आयुष्यभर हा कोट. परवा मी तो कापला. आता हसायचं तर हसा. योरुन, तू सुरू कर."

कोणी हसलं नाही. पाद्री दारात उभा होता, तो आपल्या बुटांकडे बघू लागला.

"तिरिल," गुन्वोर म्हणाली, "हात वर कर. अर्धा नाही. पुरा."

तिरिलने आईकडे पाहिलं, मग हात वर केला. एक, मग दुसराही. दोन्ही काखांत ते गडद काळं उन्हात लख्ख दिसलं. फोटोवाल्याने नेमका तेव्हाच फोटो काढला. तो आता विग्दिसच्या दिवाणखान्यात आहे.

पायऱ्यांवर मग बायकांचे हात हळूच खाली जायला लागले. एकीचा, मग शेजारणीचा, मग योरुनचासुद्धा. आपापल्या कुशीच्या शिवणीवरून बोटं फिरवत, आत काही लागतंय का ते बघत.

"काय चाचपताय?" गुन्वोर भडकून म्हणाली. "आहे आत. सगळ्यांच्यात आहे. मी शिवलेत."